पेटीजवळचा कोरा कागद

अस्मिता रामटेके आमच्या वरच्या मजल्यावर राहते. ती राहायला आली त्या दिवशी मी माझ्या रोजच्या वहीत एवढंच लिहिलं होतं, की वरच्या बाई नर्स आहेत, सकाळच्या आरतीला घंटा हळू वाजवावी. रात्रपाळी करून ती सकाळी येऊन झोपायची आणि आमचं देवघर नेमकं तिच्या पलंगाखाली येतं. देवानं हळू घंटेबद्दल कधी तक्रार केली नाही. तिनंही कधी जोराच्या घंटेबद्दल केली नव्हती, हे मला पुढे कळलं.

घरात ती, तिचा नवरा अमोल आणि सासरे चंद्रभानजी. अमोल मिहानमध्ये एका कंपनीत आहे. कंपनीची बस त्याला चौकातून घेते आणि चौकातच सोडते, त्यामुळे गल्लीत तो फारसा कोणाला ओळखत नाही. चंद्रभानजी वीज खात्यातून निवृत्त झालेले. रोज सकाळी पेपर वाचून झाला की त्यातलं काय चुकीचं आहे ते आमच्या ह्यांना खाली येऊन सांगतात. आमचे हे कोर्टात कारकून होते. त्यांना ऐकून घ्यायची सवय आहे.

लकडगंजच्या पुढे, लाकडाच्या टालांच्या मागे एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे. नाव लिहीत नाही, त्यांनी ते दारावर पुरेसं मोठं लिहिलं आहे. तिथं तिसऱ्या मजल्यावर दिवस न भरता जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत ठेवतात. हॉस्पिटलवाले त्याला एनआयसीयू म्हणतात, नातेवाईक पेटीवाला वार्ड म्हणतात. अस्मिता नर्सिंग शिकून बाहेर पडली तेव्हापासून त्याच वार्डात आहे. बाळांना तिथं नाव नसतं. आईचं नाव पायल असेल तर बाळाचं ‘बेबी ऑफ पायल’. मग सिस्टर लोक आपापसात नावं ठेवतात. मूठ आवळून हात वर ठेवतो तो कंडक्टर. कपाळाला आठ्या घालून पडतो तो तहसीलदार. घरी जाताना ही नावं तिथंच राहतात आणि पुढच्या बाळांना मिळतात. तिच्या हिशेबानं आजवर नागपूर जिल्ह्यात बरेच तहसीलदार झाले आहेत.

सकाळपाळी असली की ती दुपारी परतते आणि आमच्या पायरीवर बसते. मी बादलीत गरम पाणी आणि मीठ घालून देते, ती त्यात पाय सोडते. कारण असं, की त्या वार्डात सिस्टरांना खुर्ची नाही. पूर्वी दोन होत्या. मग कॅमेरे बसवले आणि वर ऑफिसात कोणाला तरी पडद्यावर बसलेल्या सिस्टर दिसल्या. बसलेलं माणूस रिकामं दिसतं. खुर्च्या गेल्या. वर्षातून एकदा नर्सेस डेला सगळ्यांना एक एक गुलाब देतात, केक कापतात आणि तुम्ही देवदूत आहात असं भाषण करतात. ते भाषणही सिस्टर उभ्यानंच ऐकतात, कारण हॉलमधल्या खुर्च्या पाहुण्यांना लागतात.

एकदा मी तिला सरळ विचारलं, की तुला हे काम आवडतं का.

“काकू, पाय दुखतात,” ती म्हणाली.

“मी काय विचारलं?”

“तेच तं सांगून राहिली.”

तिच्याबरोबर शिकलेल्या मुली आता तिथं नाहीत. एक मस्कतला गेली, एक विमा कंपनीत बसून लोकांची बिलं नाकारते, एकीनं ब्यूटी पार्लर काढलं. अमोल तिला वर्षानुवर्षं सांगतो आहे, की बसायचं काम पाहा. त्याला रविवारी सुट्टी, तिला कधी मंगळवारी तर कधी नाहीच. लग्नानंतर दोघं एका रविवारी घरी असल्याचं मला आठवत नाही. ती प्रत्येक वेळी ‘पाहू’ म्हणते. पाहत मात्र नाही.

एका दुपारी मात्र बादलीत पाय घालून ती न विचारताच बोलली. एका बाळाची नळी त्या दिवशी काढली होती. काढली की पहिला काही वेळ कोणालाच ठाऊक नसतं, की ते स्वतः श्वास घेईल की नाही. त्यानं घेतला. डॉक्टर दुसऱ्या पेटीपाशी होते, आई खालच्या वार्डात झोपली होती. “मीच होती तिथं,” ती म्हणाली. मग पाणी गार झालं म्हणून उठून वर गेली. मी त्यातून जे समजायचं ते समजले आणि बादली उपडी करून ठेवली.

हे सगळं आधी सांगितलं, म्हणजे पुढे तिच्यावर काय आलं ते समजेल.

उमरेडच्या पलीकडच्या एका गावातून पायल नावाची मुलगी बाळंतपणाला आली. बाळ फार आधी झालं, पेटीत गेलं. पायलची सासू प्रयागबाई. ती जिन्याजवळच्या बाकावर बसली आणि जेवणखाण सोडून दिलं. सुरुवातीला लोकांना वाटलं बाळाच्या काळजीनं. विचारल्यावर कळलं, की काळजी वेगळीच आहे. पाचवी जवळ आली होती. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते. आता सटवाई जाणार गावच्या घरी, तिथं ना बाळ ना बाळंतीण, कुलूप पाहून परत जाणार. बाळ बिनलिखित राहणार. वाचलं तरी त्याच्या पुढ्यात काही लिहिलेलंच नाही, तर त्यानं जगायचं काय?

गार्ड हसला. मामा हसला. म्हणजे वार्डबॉय, त्याला तिथं सगळे मामाच म्हणतात. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी नीट समजावून सांगितलं, की आजी, बाळाचं भविष्य सध्या ऑक्सिजनवर आहे. एका ताईनं तिला स्तनपानाची चित्रं असलेलं पत्रक दिलं. प्रयागबाईनं ते घडी करून बसायला घेतलं.

अस्मितानं तिच्याजवळ थांबून विचारलं, की सटवाईला काय काय लागतं.

प्रयागबाईनं यादी सांगितली. पाटा-वरवंटा. तो पेटीवाल्या वार्डात जाऊ शकत नाही. हळदकुंकू, नाही. नारळ, नाही. दिवा तर ऑक्सिजनच्या खोलीत अजिबातच नाही. असं करत करत, बाजारात घासाघीस करावी तशी दोघी एकेक वस्तू कमी करत गेल्या आणि शेवटी कागद आणि पेन उरलं. प्रयागबाई म्हणाली, एवढं झालं तरी चालेल, लिहायचं साहित्य तेवढं पाहिजे. मग तिनं विचारलं, कोणता माळा, कोणतं दार. अस्मितानं सांगितलं, तिसरा माळा, डावीकडचं दार, खिडकीकडून दुसरी पेटी. प्रयागबाईनं उमरेडच्या दिशेला तोंड करून तो पत्ता मोठ्यानं म्हटला, आणि मग अस्मिताच्या डब्यातली पोळी-भाजी खाल्ली.

त्या दुपारी अस्मिता माझ्याकडे आली. गल्लीत व्रतवैकल्याचं काही अडलं तर लोक मलाच विचारतात. कागद कसा लागतो, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कोरा. रेघसुद्धा नको. आधीच काही लिहिलेल्यावर देवी लिहीत नाही. बॉलपेन चालेल का, असं विचारलं. मी सांगितलं, पूर्वी बोरू आणि दौत ठेवत, पण आमच्या अनंताच्या वेळी बॉलपेनच ठेवलं होतं आणि तो आज बँकेत आहे. तेव्हा पेनाची अडचण दिसत नाही.

प्रत्येक पेटीला एक पॅड टांगलेलं असतं. त्यावर छापील तक्ता, त्यात सिस्टर तासातासाला बाळाचं तापमान, श्वास, ठोके लिहितात. बाहेरचा कागद आत न्यायचा नाही, म्हणून अस्मितानं वार्डातल्याच प्रिंटरमधला स्वच्छ कागद घेतला आणि त्या पॅडवर सगळ्यात वर लावला. पेन सुतळीनं बांधलेलं होतंच. रात्रपाळीच्या सिस्टरला सांगितलं, वरचा राहू दे, खालच्या तक्त्यावर लिही. तिनं तसं केलं. तासातासाची नोंद खाली पूर्ण होती. वरचा कागद रात्रभर कोरा राहिला, निदान आपल्याला दिसतो तेवढा तरी.

नेमकी दुसऱ्या सकाळी तपासणी होती. बाहेरचे पाहुणे हॉस्पिटलला प्रमाणपत्र द्यायचं की नाही ते ठरवायला आले होते. कागद काढायला अस्मिता अजून पोचायची होती. पाहुण्यांपैकी एकानं खिडकीकडच्या दुसऱ्या पेटीचं पॅड पाहिलं, वर कोरा कागद दिसला आणि त्याचा फोटो काढला. खालचं उलटून पाहायला त्याला वेळ नव्हता, अजून चार मजले बाकी होते.

संध्याकाळी अस्मिताला मेमो मिळाला. रुग्णाच्या पॅडवर बिनशीर्षकाचा कोरा कागद का लावला, याचा लेखी खुलासा द्यावा, आणि खुलासा येऊन निर्णय होईपर्यंत एनआयसीयूत येऊ नये. शिक्षा म्हणून पगार कापतील, हे तिनं मनावर घेतलं नाही. ‘येऊ नये’ हे तिला लागलं. कंडक्टरची, म्हणजे पायलच्या बाळाची, नळी काढायची अजून बाकी होती.

तसं पाहिलं तर विसरले म्हणून लिहिलं असतं तर निभावलं असतं. विसरणं हा तिथं मान्य असलेला अपराध आहे, त्याला ताकीद ठरलेली आहे. खरं लिहायचं, तर त्यात सटवाई येणार, आणि घरात चंद्रभानजी होते.

ते खाली आले ते पेपर न घेता. एरवी ते आमच्या ह्यांच्याशी बोलतात, त्या दिवशी माझ्याशी बोलले.

“वहिनी, सुनेले तुम्ही सांगितलं म्हणे, सटवाईचं.”

“तिनं विचारलं, मी सांगितलं.”

“माह्या बापानं दीक्षा घेतली तवा घरातले सारे देव पोत्यात भरले अन् नदीत सोडले. मी तवा पोरगाच होतो. माझी माय रडली, पण तिनं बी मंग नाव नाही काढलं. अन् आता माही सून, शिकलेली, त्या सटवाईसाठी कागद लावून राहिली.” आवाज चढला नव्हता. त्यामुळे जास्त जड वाटलं. “मेमोचं पाहून घेऊ. मेमो मले बी लय भेटले. पण सटवाई काहून?”

मी आयुष्यभर सटवाई मानत आले, पण काहून हे मला कोणी विचारलं नव्हतं. तेवढ्यात अस्मिता जिन्यावरून उतरली. तिनं ऐकलं होतं.

“बाबा, मी नाही मानत,” ती म्हणाली. “ते बाई मानते. अन् ते बाई जेवत नव्हती. तिची सून खाली बिनदुधाची पडून राहिली, सासू जेवत नाही म्हणून थे बी जेवत नव्हती. कागद लावला, दोघी जेवल्या. दुसरं औषध नव्हतं माझ्यापाशी.”

चंद्रभानजी आमच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, “हेच लिही मंग. विसरली असं लिहू नको. आपल्या घरात कोणी विसरत नाही.”

तिनं तेच लिहिलं. माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतलं. सटवाईतली ‘ई’ तिनं बरोबर दीर्घ लिहिली होती.

चौकशीला दोघं बसले होते. एक मेट्रन कौसल्या मॅडम, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या वरच्या. दुसरे रोहित सर, पुण्याहून शिकून आलेले, हॉस्पिटलची व्यवस्था पाहतात. पुढचं मला अस्मितानं पायरीवर सांगितलं. खालच्या तक्त्यातल्या नोंदी बिनचूक निघाल्या, त्यामुळे बाळाची हेळसांड झाली असं कोणी म्हणालं नाही. रोहित सरांची हरकत कागदालाच होती. त्यांनी शांतपणे समजावलं, की रुग्णाच्या पॅडवर कोरा कागद असणं धोक्याचं, कारण त्यावर नंतर कोणीही येऊन काहीही लिहू शकतं.

“हो सर,” अस्मिता म्हणाली, “त्याच्याचसाठी लावला होता.”

कौसल्या मॅडमना त्याच वेळी खोकला आला आणि त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या.

रोहित सर माणूस वाईट नाहीत. त्यांनी तिचा खुलासा पुन्हा वाचला आणि त्यांना त्यात एक गोष्ट दिसली, की हिला नातेवाईकांशी बोलता येतं. अशा माणसाची खाली गरज होती. निर्णय असा झाला, की अस्मिताला मेमोतून मुक्त करून तळमजल्यावर मदत कक्षात घ्यावं. तिथं काचेचं टेबल, थंडगार हवा, गोल फिरणारी खुर्ची आणि रविवारची सुट्टी. शिक्षा म्हणून बदलीच करायची होती, ती त्यांनी बढती म्हणून केली. सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. अमोलनं पेढे आणले. माझ्या वहीत त्या दिवशी ‘अस्मिताला खुर्ची मिळाली, गणपतीला दूर्वा वाहिल्या’ असं आहे. मी चुकीचं लिहिलं असं नाही. खुर्ची मिळालीच होती.

पहिल्या रविवारी दोघं फुटाळा तलावावर गेले. मक्याचं कणीस खाल्लं. अमोल सांगत होता, की ती बाकावर बसल्या बसल्या झोपली आणि तो शेजारी बसून तिचं कणीसही खात राहिला. त्याला तेवढंही पुष्कळ होतं.

मदत कक्षात काम असं, की नातेवाईक येऊन विचारतो, आमचा पेशंट कसा आहे. सिस्टरनं समोरच्या पडद्यावर पाहायचं आणि तिथं जे वाक्य असेल तेवढंच म्हणायचं. वाक्यं तीन-चारच होती, त्यातलं ‘प्रकृती स्थिर आहे’ हे सगळ्यात जास्त चालायचं. स्वतःच्या मनानं एक शब्द घालायचा नाही. टेबलावर एक यंत्र होतं, त्यावर हसरा चेहरा, सरळ चेहरा आणि रडका चेहरा. उत्तर मिळालं की माणसानं आपल्या समाधानाप्रमाणे एक चेहरा दाबायचा. लहान मुलं तिन्ही दाबत. महिन्याअखेर रोहित सर हसरे चेहरे मोजत आणि ते चांगले निघत, कारण अस्मिता बोलताना समोरच्याकडे पाहायची.

मी तिला विचारलं, की पाय कसे आहेत.

“नाही दुखत,” ती म्हणाली. शेजारच्या घरातल्या आजारी माणसाबद्दल सांगावं तसं म्हणाली. बादली तिनं मागितली नाही. तिला पायरीवर बसायचं कारणही उरलं नव्हतं, पण ती बसायची.

मग एक दिवस प्रयागबाई टेबलापाशी आली. बाळ अजून वरच होतं. गार्डनं तिला वर जाऊ दिलं नव्हतं, भेटायची वेळ नव्हती. तिनं विचारलं, पायलचं लेकरू कसं आहे. अस्मितानं पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, “बाळाची प्रकृती स्थिर आहे.”

“हे तं त्या भितीवरच्या टीव्हीवर बी लिहून राह्यते,” प्रयागबाई म्हणाली. मग जवळ येऊन नीट पाहिलं. “तूच नं वं थे? कागदवाली?”

“हो आजी.”

“मंग तू सांग नं. सकाळपासून नळी काढून राहिले म्हणते. श्वास घेतला का माह्या लेकरानं?”

अस्मिताला माहीत नव्हतं. तिनं तिसऱ्या मजल्यावर फोन लावला. तिकडे नवी मुलगी होती, कामात होती, तिनं ‘स्थिर आहे’ असं सांगून फोन ठेवला. अस्मिता मला म्हणाली, “काकू, तिनं मले बी तेच सांगितलं. मी बी आता नातेवाईकच झाली.”

प्रयागबाईनं यंत्राकडे पाहिलं आणि कोणता दाबायचा ते विचारलं. अस्मिता म्हणाली, तुम्हाला वाटेल तो. तिनं सरळ चेहरा दाबला. “रडका दाबला तं तुले बोलतील,” असं म्हणून बाकावर जाऊन बसली.

अस्मिता उठली आणि सरळ कौसल्या मॅडमच्या खोलीत गेली. म्हणाली, मला परत वर पाठवा. मॅडम वीस वर्षं ज्या खुर्चीसाठी लोकांचे अर्ज घेत आल्या होत्या, ती खुर्ची परत करायला आलेलं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पण त्यांनी नवल दाखवलं नाही, कारण त्यांना गरज होती. अस्मिता गेल्यापासून पेटीवाल्या वार्डातून दोघींनी राजीनामे दिले होते आणि एकटी नवी मुलगी पाच पेट्या पाहत होती.

“रविवार नाही मिळणार,” मॅडम म्हणाल्या. “दिवाळीचंही सांगत नाही.”

“माहीत आहे.”

“मग पाहिजे काय तुला?”

“एक स्टूल द्या, मॅडम.”

स्टुलाचा प्रश्न कठीण निघाला. बसलेली सिस्टर पडद्यावर दिसणार हे आलंच. शेवटी मॅडमनीच तोड काढली. स्टूल मंजूर झालं ते बाळाला दूध पाजण्यासाठी. मांडीवर बाळ असेल तरच बसता येईल. तेव्हापासून त्या वार्डातली बाळं पूर्वीपेक्षा सावकाश दूध पितात असं ऐकते. वजनंही बरी वाढतात म्हणे, डॉक्टरांनी त्याचं कारण शोधायला घेतलं आहे.

घरी सांगायचं राहिलं होतं. ऐकून अमोल बाहेर जाऊन मोटरसायकल पुसत बसला, जी त्यानं सकाळीच पुसली होती. नंतर येऊन एवढंच म्हणाला, की मी कंपनीत विचारतो, आठवड्याची सुट्टी मंगळवारी होते का. कंपनीनं अजून उत्तर दिलेलं नाही.

चंद्रभानजींनी एकच अट घातली, की आता सटवाईला कागद लावायचा नाही.

“मी नाही लावणार बाबा,” अस्मिता म्हणाली. “आता हॉस्पिटल लावते.”

ते खरं होतं. रोहित सरांनी हसरे चेहरे मोजून पाहिले होते आणि बाहेरगावच्या आज्या समाधानी राहिल्या तर बरं, हे त्यांना पटलं होतं. त्यांनी त्यासाठी स्वतंत्र कागद छापून घेतला. पाचव्या दिवशी तो पेटीच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा, पॅडवर नाही. पण बिनशीर्षकाचा कागद चालत नाही, म्हणून वर हॉस्पिटलचं बोधचिन्ह आणि तळाला एक ओळ, ‘हे पान हेतुपुरस्सर कोरे ठेवले आहे.’

यावर प्रयागबाईनं हरकत घेतली. ती एव्हाना त्या बाकावरचं जुनं माणूस झाली होती, नव्या आलेल्या आज्या तिलाच विचारत. ती म्हणाली, लिहिलेल्या कागदावर देवी लिहीत नाही, आणि कोरं आहे असं लिहिलं तरी ते लिहिलंच. प्रकरण फिरून माझ्यापाशी आलं. मी दोन दिवस विचार केला, माझ्या सासूबाई काय म्हणाल्या असत्या ते आठवून पाहिलं आणि निर्णय दिला, की कागद पालथा ठेवावा. मागची बाजू कोरी आहे. देवीला कोणती बाजू पुढची आणि कोणती मागची, हे आपण सांगू नये. अस्मितानं तो निरोप नेला. तेव्हापासून तो कागद पालथा ठेवतात, आणि चंद्रभानजी आमच्या ह्यांना पेपरातल्या चुका पूर्वीसारख्याच सांगतात.

कंडक्टरनं श्वास आपला आपण घेतला होता, त्याच दिवशी. अस्मिता तिथं नव्हती, याचं तिला वाईट वाटलं असावं. पण घरी जायच्या दिवशी ती होती. पायलनं बाळाला गुंडाळलं, उमरेडच्या बसची वेळ झाली होती. प्रयागबाईनं तो पहिला कागद मागितला. तो मेमोच्या फायलीत होता. कौसल्या मॅडमनी त्याची झेरॉक्स काढून दिली. कोऱ्या कागदाची झेरॉक्स, पण कोपऱ्यात फायलीत लावताना मारलेला शिक्का उमटला होता, ‘तपासले’.

प्रयागबाईला वाचता येत नाही. तिनं विचारलं, हे काय आहे.

“तपासले, असं आहे आजी,” अस्मिता म्हणाली.

“वरच्यानंच तपासलं नं?”

फाईल चौथ्या मजल्यावर असते. “हो,” ती म्हणाली, “वरच्यांनीच.”

प्रयागबाईनं कागदाची घडी करून लुगड्याच्या ओच्यात खोवली आणि बस पकडायला निघाली.

त्या दुपारी अस्मिता आली आणि पायरीवर बसली. मी विचारलं, काय म्हणतं काम.

“पाय दुखून राहिले, काकू,” ती म्हणाली.

मी पाणी तापवायला ठेवलं.